डो-सी-डो म्हणजे काय रे भाऊ? तोंड फ्रिजकडे ठेवा, कळेल

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे मागून येणाऱ्यांनाही कळेल काय चाललंय. विचारणाऱ्यांची लेक पाचवीत आहे, इथे अमेरिकेत, शाळेत जिमच्या तासाला (आपली पीटी हो) स्क्वेअर डान्स, म्हणजे चार जोड्यांनी चौकोन करून नाचायचा इथला लोकनाच, शिकवतायत, ती घरी येऊन "बाबा, माझ्याबरोबर डो-सी-डो कर ना" म्हणते आणि बाबा नुसते खांबासारखे उभे. पुढच्या महिन्यात शाळेत फॅमिली नाइट आहे, तिथे आईबापांनाही नाचायचंय. त्यातच ऑफिसात मॅनेजरबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या की या व्हेंडरबरोबर आपण तीन आठवडे नुसतं डो-सी-डो करतोय, सगळे हसले, हेही हसले, पण कळलं काहीच नाही. तर हा शब्द कुठला, अर्थ काय, पाय कसे टाकायचे, आणि शेवटी एक स्मायली टाकून, दोशी आडनावाशी काही संबंध आहे का.

दोशींशी संबंध नाही. सरगमशीही नाही. हे सांगते कारण माझ्या पहिल्या वर्षी एका पेटी वाजवणाऱ्या काकांनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं की पाश्चात्त्य संगीतात 'सा'ला डो म्हणतात आणि 'नी'ला सी, म्हणजे हे सा-नी-सा आहे, घरी परत येणं. ऐकायला इतकं छान की मी दोन वर्षं ते लोकांना सांगत फिरले. साफ चूक.

मी बे एरियात राहते, 16 वर्षं स्क्वेअर डान्स करतेय, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं नवशिक्यांच्या रात्री माइकपाशी उभी राहून कॉल देते. कॉल देणारा तो कॉलर, म्हणजे पुढची आकृती कोणती करायची ते ओरडून, गाऊन, तालात सांगणारा माणूस. तेव्हा हा शब्द मी आठवड्यातून निदान शंभरदा तरी तोंडातून काढत असेन, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

शब्द मुळात फ्रेंच आहे, 'दो-झा-दो', म्हणजे पाठीला पाठ. फ्रेंचमध्ये 'दो' म्हणजे पाठ. आपण रोज वापरतो तो डॉसियर शब्द याच 'दो'वरून आलाय, कागदांच्या गठ्ठ्याच्या पाठीवर लेबल लावायचे म्हणून. चेक एन्डॉर्स करणं हेही त्याच कुळातलं, ते लॅटिनमधून आलंय, चेकच्या पाठीवर सही करायची म्हणून एन्डॉर्स. बँकेत नोकरी केलेल्या आमच्या वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आयुष्यभर मी पण डो-सी-डोच केलं की. जुन्या घोडागाड्यांत पाठीला पाठ लावून बसायच्या सीटा असायच्या, त्या गाडीलाही हेच नाव होतं. फ्रेंच नाच इंग्लंडमार्गे आणि थेटही अमेरिकेत आले, शेतकरी आणि फिडल वाजवणारे ते फ्रेंच शब्द कानाला येतील तसे उच्चारत गेले आणि दो-झा-दोचं डो-सी-डो झालं. आपल्याकडे लँटर्नचं कंदील नाही झालं खरं, पण हॉस्पिटलचं इस्पितळ झालंच ना, तसंच.

आता खरा मुद्दा. तुम्ही विचारलंय अर्थ काय, पण तुमची अडचण अर्थाची नाहीये. पाठीला पाठ एवढं कुणीही सांगेल, कुठल्याही डिक्शनरीत आहे. घोळ असा होतो की "पाठीला पाठ" ऐकलं की माणूस वळतो. समोरच्याकडे तोंड आहे, आता पाठ लावायची, मग गिरकी घेऊन पाठ करूया. आणि इथेच सगळं फसतं. डो-सी-डोमध्ये कुणीही वळत नाही. तुमचं तोंड ज्या भिंतीकडे असतं त्याच भिंतीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहतं. तुम्ही फक्त सरकता: पुढे, बाजूला, मागे. समोरचाही तसाच सरकतो, आणि त्या सरकण्यातच मधे एक क्षण असा येतो की तुमच्या पाठी एकमेकींना लागलेल्या असतात. कुणी पाठ फिरवलेली नसते आणि तरी पाठमोरे असतात दोघं. एवढं एक डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप बसतं, ऑफिसातला अर्थसुद्धा, तो कसा ते पुढे सांगते.

करून बघा. स्वयंपाकघरात जमिनीवर रंगकामाची निळी टेप चिकटवा, दोन छोट्या फुल्या, मधे साधारण दोन पावलं अंतर. एका फुलीवर तुम्ही, दुसऱ्यावर लेक, तोंडं एकमेकांकडे. तुमच्या समोर, लेकीच्या पलीकडे फ्रिज आहे असं धरू. आता पुढे चाला, असं की लेक तुमच्या उजव्या खांद्याजवळून जाईल. तीन छोटी पावलं. आता ती तुमच्या मागे गेली, तुम्हाला फ्रिज अगदी जवळ दिसतोय, त्यावरचं दुधाचं बिलसुद्धा वाचता येतंय. इथून उजवीकडे एक पाऊल, आडवं, खेकड्यासारखं. आत्ता तुमच्या पाठी लागल्या. आता उलटं मागे या, तीन पावलं, लेक तुमच्या डाव्या खांद्याजवळून जाईल, आणि तुम्ही परत आपल्या फुलीवर. संपलं. पूर्ण वेळ तुम्हाला फ्रिजच दिसला पाहिजे. मधेच गॅस दिसला, खिडकी दिसली, तर तुम्ही वळलात, परत करा.

उजव्या खांद्यावरून एक गंमत. आपल्याकडे रस्त्यावर डावीकडून चालतात ना, मग समोरून येणारी गाडी किंवा माणूस आपल्या उजव्या बाजूने जातो. म्हणजे उजवा खांदा उजव्या खांद्याजवळून. हीच स्क्वेअर डान्सची सवय आहे, बहुतेक सगळ्या कॉलना लोक उजव्या खांद्यानेच एकमेकांना ओलांडतात. इथल्या अमेरिकन लोकांची गाडी चालवायची सवय उलटी, त्यांचे पाय आपसूक उजवीकडे वळतात आणि पहिल्या रात्री ते समोरच्याच्या छातीवर जाऊन आदळतात. आपण लक्ष्मी रोडवर गर्दीत वाढलेली माणसं, आपल्याला हे शिकवायलाच लागत नाही. माझ्या वर्गात नवे देशी आले की पहिल्या दहा मिनिटांत तेच हुशार ठरतात, मग पुढच्या कॉलला ती हुशारी जाते, पण तेवढी दहा मिनिटं आपली.

मागे येताना भीती वाटते, सगळ्यांना वाटते. पाऊल लहान ठेवा आणि मान वळवून मागे बघू नका, मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागून कंबर, आणि मग फ्रिज गेला. समोरचं माणूस डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात आपोआप दिसायला लागतं, तेवढं पुरे. पाय उचलून आपटायचे नाहीत, जमिनीवर घासत सरकवायचे, याला शफल म्हणतात, त्यामुळेच स्क्वेअर डान्सच्या हॉलमध्ये एक विशिष्ट सर-सर आवाज येतो, चाळीस लोक एकदम सरकले की वाळूवरून लाट परतल्यासारखा.

माझी स्वतःची पहिली रात्र सांगते म्हणजे तुम्हाला धीर येईल. ऑफिसमधून थेट गेले होते, पंजाबी ड्रेस, ओढणी. कॉलर म्हणाला डो-सी-डो, मी अर्थातच वळले, गिरकीच घेतली चक्क, आणि माझी ओढणी समोरच्या सत्तरीतल्या आजोबांच्या बेल्टच्या बकलात अडकली. बकल म्हणजे ताटलीएवढं, वेस्टर्न. ते बिचारे मागे यायला लागले, मी पुढे, आणि आठ जणांचा चौकोन थांबून आम्हाला सोडवत बसला. त्यांनी ओढणी सोडवून नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, पोरी, त्या घड्याळाकडे बघ आणि डोळे हलवू नकोस. हॉलच्या भिंतीवर घड्याळ होतं. माझा फ्रिज म्हणजे ते घड्याळ. असे जुने, मदत करणारे नाचणारे प्रत्येक क्लबात असतात, त्यांना एंजल म्हणतात, आणि तो शब्द मला त्या दिवसापासून अजिबात नाटकी वाटत नाही.

बरं, आता "परिस्थितीवर अवलंबून" वाला भाग, कारण तुम्ही कुठे नाचताय त्यावर हाच शब्द थोडा वेगवेगळा वागतो.

शाळेत. तिथे बहुतेक वेळा छातीवर हाताची घडी घालून करायला लावतात, कार्टूनमध्ये पण तसंच दिसतं. क्लबात असं कुणी करत नाही, हात सैल बाजूला असतात, घेरदार स्कर्ट घातलेल्या बायका स्कर्ट हलवतात. पण मला शाळेची ती पद्धत आवडते, दहा वर्षांच्या मुलांचे हात मोकळे ठेवले तर ते ढकलाढकलीसाठीच वापरले जातात.

मॉडर्न वेस्टर्न क्लबात, म्हणजे मी जिथे नाचते तिथे, स्पेलिंगसुद्धा वेगळं, डोसाडो, एकच सलग शब्द. कॉलर लोकांची कॉलरलॅब म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था आहे, 1974 साली तिचं पहिलं अधिवेशन झालं, तिने सगळ्या कॉलच्या पक्क्या व्याख्या ठरवून दिल्यात, कुठून सुरू, कुठे संपतं, साधारण किती ठोके. आपल्या शेजारच्याबरोबरच्या डोसाडोला 6 ठोके. ही प्रमाणभाषा ठरवायची वेळ का आली, तर आधी गावोगावी एकाच नावाची वेगवेगळी आकृती चालायची. टेक्सासकडे आणि दक्षिणेच्या डोंगराळ भागात डो-सी-डो म्हटलं की लोक चक्क हात धरून एकमेकांना वळवायचे, पाठीचा संबंधच नाही. त्यातली एक हातवाली आकृती आज डो पासो या नावाने वेगळी केलीय. अजूनही क्वचित एखादे टेक्सासचे आजोबा पाहुणे म्हणून येतात आणि मी डोसाडो म्हटलं की डावा हात पुढे करतात. त्यांचं चुकत नाही, त्यांच्या गावचं पाणी वेगळं.

डाव्या खांद्याने सुरू करून हेच उलटं केलं तर त्याला सी सॉ म्हणतात. फॅमिली नाइटला हा कॉल बहुधा येणार नाही, आला तर शेजारच्याकडे बघा.

काँट्रा डान्स म्हणून याचाच चुलतभाऊ आहे, लांब रांगांमध्ये नाचतात, तिथे डो-सी-डो आठ ठोक्यांचा आणि जरा ऐसपैस, हौशी लोक तर मधे चक्क गिरक्याही घेतात, म्हणजे मी वर जे करू नका म्हटलं तेच. त्यांना चालतं, कारण त्यांना मूळ वाट पाठ आहे आणि आठव्या ठोक्याला ते बरोबर आपल्या जागेवर असतात. आधी पोळी गोल येऊ दे, मग घडीची करा. तिथे आणखी एक आकृती असते, एकमेकांच्या डोळ्यांत बघत एकमेकांभोवती गोल फिरायचं, हल्ली तिला राइट शोल्डर राउंड म्हणतात (जुनं नाव एका समाजाला लागेल असं होतं म्हणून बदललं). तिच्यात नजर सतत माणसावर, डो-सी-डोमध्ये नजर सतत भिंतीवर. पायाची वाट जवळपास तीच, पण मजा पूर्ण वेगळी. पहिलीत लाजायला होतं, दुसरीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करून मिळालं काय? निघालो तिथेच परत आलो, तोंडही तिकडेच. हो, आणि हाच त्याचा उपयोग आहे. कॉलर म्हणून सांगते, आमच्या पेटीतलं सगळ्यात कामाचं अवजार कुठलं असेल तर हे. स्क्वेअरमध्ये चार जोड्या, आठ माणसं, प्रत्येक जण चौकोनाच्या एका बाजूला आपल्या पार्टनरबरोबर. बहुतेक कॉल माणसांना हलवतात, जागा बदलतात, तोंडं बदलतात, आणि आठ जण सहा-सात कॉलनंतर कुठे असतील हे कॉलरला डोक्यात धरावं लागतं. डोसाडो काहीच बदलत नाही. म्हणजे तो म्हणत असताना मला सहा ठोके मोकळे मिळतात, पुढचं ठरवायला, तिसऱ्या चौकोनात कुणीतरी हरवलंय ते बघायला, पाण्याचा घोट घ्यायला. वाक्यातला स्वल्पविराम समजा. गाण्यावर कॉल देतो तेव्हा तर फारच, त्यात 64 ठोक्यांचा एक फेरा असे सात फेरे असतात, आणि नेमके ठोके भरायला कुठेतरी "कॉर्नरला अ‍ॅलमांड लेफ्ट, घरी येऊन पार्टनरशी डोसाडो" घालावंच लागतं, नाहीतर गाण्याची ओळ एकीकडे आणि नाचणारे दुसरीकडे. कॉर्नर म्हणजे तुमच्या पार्टनरच्या विरुद्ध बाजूचा शेजारी, पुरुषाच्या डाव्या हाताची बाई. अ‍ॅलमांड लेफ्ट म्हणजे त्या शेजारणीचा डावा हात धरून वळून परत येणं. हे दोन शब्द फॅमिली नाइटला नक्की ऐकाल, म्हणून सांगून ठेवलं.

आणि कॉल नेहमी जरा आधी येतो बरं का. कॉलर शब्द उच्चारतो तो तुम्ही करायच्या आधीच्या ठोक्यांवर, म्हणजे तुमचा आधीचा कॉल संपत असतानाच पुढचा कानावर पडतो. नवे लोक तो ऐकताच हातातलं सोडून पळतात. पळू नका. डो-सी-डो पूर्ण करा, फुलीवर या, मगच पुढचं. निम्म्या चुका अर्धवट सोडलेल्या डो-सी-डोमुळे होतात, मागे यायची तीन पावलं लोकांना फुकटची वाटतात आणि ते मधूनच पुढच्या माणसाकडे वळतात, मग ते माणूस तयार नसतं, आणि चौकोन मोडतो. मोडला तर काही नाही, सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं आणि हसत वाट बघायची, कॉलर जमवून घेतो.

आता तुमच्या मॅनेजरबाई. रोजच्या इंग्रजीत हा शब्द नाचातूनच आला, आणि तिथेही तोच अर्थ टिकून आहे: दोघं एकमेकांभोवती फिरले, अगदी सभ्यपणे, कुणी कुणाला धक्का लावला नाही, आणि शेवटी दोघं जिथे होते तिथेच. तुमचे लोक आणि व्हेंडर तीन आठवडे कॉल करतायत, मेल करतायत, कोटेशन येतंय, परत जातंय, आणि प्रश्न जिथल्या तिथे. आपल्याकडे अशा वेळी "पुन्हा पहिले पाढे पंचावन्न" म्हणतो किंवा "ये रे माझ्या मागल्या". फरक एवढाच की आपल्या दोन्ही म्हणींत वैताग असतो, डो-सी-डोमध्ये तो जरा हसरा असतो, म्हणून सगळे हसले. तुम्हाला टोमणा होता का? मीटिंगमध्ये कुणाकडे बघून म्हणाल्या त्यावर आहे. व्हेंडरचा विषय तुमच्याकडे असेल आणि तुमच्याकडे बघून म्हणाल्या असतील तर तो हलका चिमटा होता, "आता काय ते ठरव" असा. सगळ्यांकडे बघत म्हणाल्या असतील तर नुसती करमणूक.

दुसरा वापर, अरुंद जागेतला. ऑफिसच्या पॅन्ट्रीत तुम्ही एका बाजूला सरकता, समोरचाही त्याच बाजूला, मग दोघं दुसऱ्या बाजूला, मग हसतात, अशा वेळी इथले लोक म्हणतात आमचा डो-सी-डो झाला. किंवा पार्किंगमध्ये दोन गाड्या एकमेकींना वाट देत मागेपुढे करतात तेव्हा. हा वापर गोड आहे, बिनधास्त वापरा.

तिसरा, पुढाऱ्यांबद्दल, प्रश्नाभोवती डो-सी-डो करणं, म्हणजे विचारलं एक, उत्तर गोल फिरवून फिरवून भलतंच, थेट नाहीच. हा थोडा टोचणारा आहे, ई-मेलमध्ये वरिष्ठांबद्दल लिहू नका.

चौथा माझ्या डोक्यात जातो. दोन कंपन्यांच्या बड्या लोकांनी खुर्च्या बदलल्या, याची त्याच्या जागी आणि त्याची याच्या, की बातमीत लिहितात डो-सी-डो झाला. अहो, डो-सी-डोमध्ये जागा बदलतच नाहीत! तीच तर गोष्ट आहे. पण भाषेला कोण सांगणार, आपण नाही का "फुगडी" कुठेही वापरतो. मी हल्ली वाद घालत नाही, नवऱ्याला ऐकवते फक्त.

शाळेत हे का शिकवतात हा तुमचा प्रश्न नव्हता पण मला विचारतात म्हणून दोन ओळी. 1920 च्या दशकात हे जुने नाच जवळपास मागे पडले होते, तेव्हा हेन्री फोर्डने, हो तोच मोटारवाला, मॅसॅच्युसेट्सचे बेंजामिन लव्हेट नावाचे नृत्यशिक्षक मिशिगनला डिअरबॉर्नमध्ये आणून बसवले आणि पुस्तकं, रेडिओ, शिक्षकांचं ट्रेनिंग असं सगळं करून हे नाच शाळांपर्यंत पोचवले. त्यामागे जुन्या गोष्टींचं प्रेम होतं तसा जॅझचा तिरस्कारही होता, आणि त्या तिरस्काराला ज्यूद्वेषाची आणि वंशद्वेषाची जोड होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे नाचता नाचता आकृत्या ओरडून सांगायची जी पद्धत आहे, जिच्यावर माझं पोट नाही पण मंगळवार चालतो, ती रुजवण्यात कृष्णवर्णीय फिडलवाल्यांचा मोठा वाटा होता. पुढे कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये लॉइड शॉ नावाच्या शाळाप्रमुखांनी आपल्या विद्यार्थ्यांचा संघ देशभर फिरवला, कॉलरांना शिकवलं, आणि पाश्चिमात्य पद्धतीचा स्क्वेअर डान्स परत उभा राहिला. 1982 मध्ये रेगन यांच्या सहीने दोन वर्षांपुरता हा राष्ट्रीय लोकनृत्यही झाला. हे सगळं लेकीला सांगायची गरज नाही, पण बाबांनी माहीत असू द्यावं.

आणि हो, मराठीत याला काय म्हणावं असं खाली कुणीतरी विचारलंय. पाठमोरी फेरी म्हणा हवं तर, मला आवडेल. पण नाचताना नका म्हणू. कॉल सगळ्या जगात इंग्रजीतच देतात, जपानमध्ये, जर्मनीत, स्वीडनमध्ये, कुठेही. आमच्याकडे एकदा एक जपानी जोडपं आलं होतं, मी गप्पा मारायला गेले तर हॅलोच्या पुढे गाडी जाईना, दोघं नुसते हसत मान डोलवत होते. संगीत सुरू झालं आणि ते दोघं हॉलमधले सगळ्यात अचूक निघाले, माझं एका कॉलला चुकलं तेव्हा त्यांनीच चौकोन सांभाळला. आपण ताल मोजताना धा धिं धिं धा म्हणतो, त्याचं भाषांतर करत नाही, तसंच आहे हे.

फॅमिली नाइटसाठी आता फक्त कामाचं. आधीपासून काहीही पाठ करायची गरज नाही, अशा कार्यक्रमात कॉलर प्रत्येक नाच आधी संथपणे चालवून घेतो. वर सांगितलेली फुलीवाली तालीम रोज पाच मिनिटं लेकीबरोबर केलीत तरी खूप झालं, आणि एकदा तिला कॉलर करा, ती ओरडेल आणि तुम्ही करा, बघा किती खूश होते. बूट ज्यांचा तळ फार घट्ट पकडत नाही असे, पण जिममध्ये काळ्या तळाचे चालत नाहीत बऱ्याच शाळांत, ते विचारून घ्या. गुडघा दुखत असेल तर शफलच करा, उड्या मारू नका, संगीत ऐकून फार मोह होतो. बायकोला सांगा ओढणी गाडीत ठेव. आणि लेकीचे सर हाताची घडी घालायला लावत असतील तर गप घडी घाला. "क्लबात असं करत नाहीत असं एका बाईने नेटवर लिहिलंय" हे तिच्या मैत्रिणींसमोर सांगायला गेलात तर पुढचा आठवडाभर ती तुमच्याशी बोलणार नाही, माझा मुलगा बोलला नव्हता.

एक राहिलंच. गर्ल स्काउटच्या मुली दारावर कुकीज विकायला येतात त्यात डो-सी-डोज नावाचा एक प्रकार असतो, दोन ओटची बिस्किटं आणि मधे पीनट बटर, बिस्किटं पाठीला पाठ लावून बसलेली म्हणून ते नाव असावं असं आपलं मला वाटतं. काही भागांत दुसऱ्या बेकरीचा माल येतो, तिथे त्याच प्रकाराला नुसतं पीनट बटर सँडविच म्हणतात. त्या रात्री खाऊच्या टेबलवर ठेवायला मस्त आहेत, फक्त त्यात शेंगदाणा आहे, वर्गात कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर आधी टीचरना विचारा.